फ्रीजरमधला उन्हाळा

एप्रिल लागला की आमच्या अमरावतीच्या घराची पश्चिमेकडची भिंत संध्याकाळी हात लावू देत नाही. नळाला पाणी येतं ते चहासारखं. कूलरसमोर बसलेलं माणूस उठत नाही, आणि उठलंच तर कशासाठी उठलो ते विसरतं. यंदा अशाच एका दुपारी ऑफिसातली श्वेता माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. बाळंतपणाच्या रजेवरून ती नुकतीच रुजू झाली होती. बाळ आठ महिन्यांचं, डोळ्यांखाली काळं, ब्लाऊजवर दुधाचा डाग. तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं की मी माझ्या मुलीचं आठवड्याचं जेवण एकाच दिवशी शिजवून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवायचे. मला शिकवाल का, असं तिनं विचारलं.

मी हो म्हणाले आणि लगेच सांगायलाही लागले. डाळ-तांदूळ किती, पाणी किती, मीठ-साखर का नाही, गार कसं करायचं, किती दिवस ठेवायचं. बोलता बोलता माझा हात डाव्या कानावर गेला. कानाच्या वरच्या कडेला एक खाच आहे. दोन तुकडे घाईनं जोडावेत तशी. श्वेतानं ती पाहिली. मी केस पुढे ओढले आणि गाजराचं सांगू लागले.

माझी ओवी तेव्हा श्वेताच्या बाळाएवढीच होती. आता ती पहिलीत जाते.

तो उन्हाळा अकोल्याचा, माझ्या सासरचा. अमरावतीचं ऊन चटके देतं, अकोल्याचं मारतं. मी चांदूर बाजारची, उन्हाला काही नवी नव्हते. तरी लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात गच्चीवरचे कपडे काढायला गेले आणि लोखंडी दाराच्या कडीनं तळहाताची कातडी ओढून घेतली. खालून सासूबाई म्हणाल्या, कडीले फडकं धरत जाय. त्यांना सगळे बाई म्हणत, मीही बाईच म्हणू लागले. बाईंचा उजवा हात मनगटात वाकडा होता. सासऱ्यांनी एकदा त्यांचा हात दाराच्या चौकटीत धरून वरून दार लोटलं होतं. हाड नीट बसलंच नाही. सासरे मी घरात येण्याआधीच वारले होते. बाई त्या हाताबद्दल अशा बोलायच्या, जणू तो जन्मतःच तसा होता.

माझा नवरा प्रमोद. त्याचं शेतीच्या मोटारपंपांचं आणि पाइपांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी बोलताना त्याचा आवाज लोण्यासारखा. उन्हातान्हातून आलेल्या माणसाला तो आधी पाणी द्यायचा, मग पंपाचं विचारायचा. माझी सरकारी नोकरी त्यानं लग्नाआधी दहा जणांना कौतुकानं सांगितली होती. ओवी झाली आणि तो म्हणाला, आता सोड. मी नाही म्हणाले. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याचं हे दुसऱ्यांदा न विचारणं मी समंजसपणा समजले.

माझी कचेरी अमरावतीला. पहाटेच्या गाडीनं बडनेरा, तिथून अमरावती, आणि परत यायला दिवेलागण व्हायची. ओवीला दिवसभर बाई सांभाळणार होत्या, त्यांना ती हवीच होती. पण वाकड्या हातानं कुकरचं झाकण बसत नव्हतं, डाळ घोटता येत नव्हती, सहा-सात महिन्यांच्या पोरीला पाचदा ताजं करून घालणं त्यांना जमणारं नव्हतं. म्हणून मी रविवार धरला.

त्या रविवारांचा वास अजून माझ्या नाकात आहे. सकाळी मूगडाळ भाजायची, खरपूस होण्याच्या आधी उतरवायची. एका कुकरात डाळ-तांदळाची खिमटी, दुसऱ्यात लाल कोहळं आणि गाजर, तिसऱ्या भांड्यात बीट. सफरचंद वाफवलं की स्वयंपाकघराला परक्या गावाचा वास यायचा. बाहेर ऊन पेटलेलं, आत तीन शेगड्या, आणि पंखा लावायचा नाही कारण ज्योत विझते. माझ्या पाठीवरून घाम ओढ्यासारखा जायचा. मिक्सर इतका तापायचा की मध्ये मध्ये त्याला थांबवून ओलं फडकं गुंडाळावं लागे. मग ते सगळं परातीतल्या पाण्यात गार करायचं, बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचं, गोठलं की ट्रे ओट्यावर आपटून वड्या काढायच्या आणि पिशव्यांत भरून वार लिहायचा. केशरी, पिवळ्या, हिरवट, आणि बिटाच्या लालभडक. सोमवार, मंगळवार, बुधवार. बाईंना त्या वड्यांचं फार कौतुक. एक वडी त्या तळहातावर घेऊन उजेडात धरायच्या. बर्फीवाणी दिसते, म्हणायच्या. दुपारी वाटीत दोन वड्या टाकायच्या, वाटी गरम पाण्यात ठेवायची, चमच्यानं फोडायची. इतकं त्यांच्या डाव्या हाताला जमत होतं. ओवी बीट खाऊन तोंड लाल करून बसायची आणि बाई तिला पदरानं पुसत राहायच्या.

पिशव्या भरून मी फ्रीजरचं दार लावायचे तेव्हा त्या दाराचा एक आवाज यायचा, रबर चिकटल्याचा. तो ऐकला की आठवडाभर मी गाडीत निवांत बसू शकायचे. माझी नोकरी त्या फ्रीजरमध्ये होती. हे मला जितकं कळलं होतं, तितकंच प्रमोदलाही कळलं होतं.

आपल्याकडे शिळं हा शब्द फार मोठा आहे. रात्रीची भाकर सकाळी दुधात कुस्करून खाणारी माणसं आपण, तरी लेकराच्या बाबतीत शिळं म्हटलं की त्यात आईची सगळी आबरू येते. प्रमोदनं तो शब्द आधी हसत वापरला. मग न हसता. मग एका रविवारी संध्याकाळी दुकानातून आला, फ्रीजर उघडला, भरलेला ट्रे काढला आणि माझ्या पाठीत घातला. ट्रे कडक प्लास्टिकचा, त्यात गोठलेली खिमटी. विटेसारखा बसला. मी ओट्यावर वाकले. तो म्हणाला, माही पोरगी मेलेलं अन्न खाते. मग हात धुऊन जेवायला बसला. बाईंनी त्याला वाढलं. त्यानं ठेचा मागून घेतला, ताक मागून घेतलं. मारल्यापेक्षा तो इतका नीट जेवला याचीच मला जास्त भीती वाटली.

त्यानंतर मार घरात राहायलाच आला. कधी लाटणं, कधी चप्पल, कधी नुसता हाताचा पंजा मानेमागे धरून भिंतीवर. तोंडावर मारायचा नाही, कारण मला ऑफिसला जायचं असायचं आणि गाडीत ओळखीची माणसं असायची. इतका हिशेब रागात कसा राहतो, हे मला आजही समजत नाही. म्हणून मला तो राग वाटतच नाही.

एका रविवारी मी नहाणीत असताना तो फ्रीजरमधल्या सगळ्या पिशव्या घेऊन गच्चीवर गेला. मी ओल्या केसांनी धावले. त्यानं पिशव्या फाडून वड्या स्लॅबवर ओतल्या होत्या. भर दुपार. वड्या टेकल्या तिथेच त्यांचे डाग होत होते, केशरी, पिवळे, लाल, आणि डागांच्या कडा बघता बघता वाळून पापडासारख्या उठत होत्या. मी अनवाणी होते. तळपाय भाजत होते तरी मी वाकून वड्या ओंजळीत गोळा करू लागले. कशासाठी, ते आता सांगता येणार नाही. त्या परत गोठवता येत नाहीत हे मलाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. प्रमोद दारातल्या सावलीत उभा होता. त्याच्या कडेवर ओवी होती. तो तिला बोटानं मला दाखवत होता आणि ओवी हसत होती, कारण आई नाचते आहे असं तिला वाटत होतं.

माझ्या तळपायांना फोड आले. सोमवारी मी त्याच पायांनी गाडी पकडली.

वऱ्हाडात उन्हाबद्दल बोलायची एक रीत आहे. दर वर्षी आम्ही म्हणतो, यंदा जरा जास्तच आहे. मागच्या वर्षीही हेच म्हटलेलं असतं. माणसं बसल्या जागी कोसळतात, चिमण्या तारेवरून पडतात, आणि आम्ही कांदा खिशात ठेवतो, डोक्याला दुपट्टा बांधतो आणि म्हणतो, आता किती दिवस, जून येईलच. माझ्या आईनं फोनवर अगदी तसंच म्हटलं होतं. थोडं सोस, लेकरू मोठं झालं की शांत होतील. शेजारची बाई म्हणाली, हंगामाचे दिवस आहेत, दुकानात ताण असतो, पाऊस पडला की ठीक होईल. मीही स्वतःला तेच सांगत होते. ऊन कुणी आणलेलं नसतं म्हणून ते सोसता येतं. हे मात्र कुणीतरी आपल्या हातानं आणत होतं.

मे महिन्यात ओवी आजारी पडली. आधी उलट्या, मग जुलाब. संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा तिची टाळू आत गेली होती आणि ती रडत होती पण डोळ्यांत पाणी नव्हतं. दवाखान्यात तिच्या पायाला सलाईन लावलं, कारण हाताची शीर सापडेना. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं. मी सांगितलं. ते म्हणाले, अन्न कुठेतरी वितळून पुन्हा गोठलं असणार, अशानं जीव जातो लेकराचा. बाई मागे बाकावर होत्या, प्रमोद तिथेच उभा होता. तो माझ्याकडे पाहत राहिला. तेव्हा मला आठवलं की गेले काही दिवस पिशवीतल्या वड्या सुट्या निघत नव्हत्या, सगळ्यांचा मिळून एक गोळा झालेला असायचा. लाईट जात असेल, असं मी समजून चालले होते.

ओवी वाचली. घरी आल्यावर मी तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. दार लोटून घेतलं. त्यांनी मला सांगितलं की प्रमोद दुपारी जेवायला आला की फ्रीजचं बटण बंद करतो, वरचं दार किलकिलं ठेवतो, जेवतो, झोपतो, आणि ऊन उतरल्यावर दुकानात जाताना बटण चालू करून जातो. त्या रोज बघत होत्या. मोटारींचा माणूस, मशीनला आराम देत असेल, असं त्यांना वाटलं होतं. डॉक्टरांचं बोलणं ऐकलं तेव्हा त्यांना कळलं. सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, ओवीच्या पायावरच्या चिकटपट्टीकडे बघत होत्या.

"पोरीले मारून राहिला तो," बाई म्हणाल्या. "तुले नाही. पोरीले."

पुढचा रविवार आला. बाजारातून सकाळीच भाज्या आणल्या, कुकर लावला. हे मी का केलं असं वकिलांनी नंतर मला विचारलं होतं. सोमवार येणारच होता आणि ओवीला खायला लागणारच होतं, इतकंच मी सांगितलं. दुपारी एकच्या सुमारास मी बिटाच्या वड्या फ्रीजरमध्ये ठेवत होते. प्रमोद पाणी प्यायला आत आला. मी त्याला बटणाचं विचारलं. मला वाटलं होतं तो नाकारेल. त्यानं नाकारलं असतं तर कदाचित मी अजून काही महिने तिथे काढले असते.

"मंग काय करू?" तो म्हणाला. "तुले सांगून समजत नाही. एखाद्या दिवशी मरन पोरगी, तवा बसशीन घरी."

मी म्हणाले, उद्यापासून ओवी माझ्याबरोबर येईल, अमरावतीला पाळणाघर बघितलं आहे. पाळणाघर मी बघितलं नव्हतं. त्याच्या हातातला पेला खाली पडला, का त्यानं टाकला, मला आठवत नाही. त्यानं माझे केस मुठीत धरले आणि माझं डोकं फ्रीजरमध्ये घातलं. गाल बर्फाला चिकटला. मग त्यानं दार लोटलं. पहिल्यांदा ते खांद्यावर बसलं. त्यानं मला आणखी आत दाबलं आणि पुन्हा लोटलं. दाराला आतून एक पत्र्याची कड होती, ती कानावर बसली. मला आधी गार लागलं, मग गरम, आणि मग समोरच्या पांढऱ्या बर्फावर लाल दिसलं. मला वाटलं बीट सांडलं. तो दार लोटत राहिला. त्याच्या तोंडातून शब्द येत नव्हता, फक्त दमल्यासारखा श्वास. लाकूड फोडताना येतो तसा.

बाईंचा आवाज मी एकदाच ऐकला. सोड तिले, म्हणाल्या. दुसऱ्यांदा त्यांनीही सांगितलं नाही. ओट्यावर खिमटीचा कुकर होता, भरलेला, झाकण लागलेला. बाईंनी डाव्या हातानं त्याचा दांडा धरला, उजवा वाकडा हात खालून लावला आणि सगळं अंग फिरवून तो कुकर आपल्या मुलाच्या खांद्यावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर मोडावी तसा. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना खोटं कशाला बोलू, तो आवाज ऐकून मला सुख झालं. माझं डोकं अजून फ्रीजरमध्ये होतं, रक्त मानेवरून उतरत होतं, आणि मला वाटलं, आणखी एक घाला, बाई. पुढे कित्येक महिने मी झोपेत तो कुकर माझ्या हातात घेत होते आणि एकदाच घालून थांबत नव्हते. हिंसा फक्त त्याच्याच अंगात होती असं नाही. ती त्या घराच्या ओट्यावर, भांड्यांत, माझ्या मनगटात, सगळीकडे वाफेसारखी भरून होती.

प्रमोद जमिनीवर बसला. हासळीचं हाड, गळ्याखालचं, मधून तुटलं होतं. तो आईकडे बघत होता. बाईंनी कुकर पुन्हा शेगडीवर ठेवला, नीट, दांडा आतल्या बाजूला करून. मग त्यांनी ओवीला उचललं, मला उठवलं, माझ्या कानाला टॉवेल बांधला. फरशीवर वितळलेल्या वड्या आणि रक्त यांचं मिळून एक लाल डबकं झालं होतं आणि बाई त्याला वळसा घालून गेल्या. घराबाहेर पडताना मात्र त्या परत फिरल्या. फ्रीजरमधल्या उरलेल्या वड्या त्यांनी स्टीलच्या डब्यात भरल्या, डबा ओल्या चादरीत गुंडाळला आणि बगलेत मारला. पोरगी खाईन काय, एवढंच म्हणाल्या.

शेजाऱ्यांनी प्रमोदला दवाखान्यात नेलं. तिथे त्यानं शिडीवरून पडलो असं सांगितलं. आईनं हाड मोडलं हे सांगायची त्याला लाज वाटली, आणि त्या लाजेनं बाईंवर कधी केस झाली नाही. माझ्या कानाला एका दवाखान्यात टाके घातले. तिथून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या महिला पोलिसानं माझं सगळं लिहून घेतलं आणि मग बाईंना जरा बाजूला घेतलं. तुमचा मुलगा आहे, विचार करून सांगा, असं ती समजुतीनं म्हणाली. वाईट बाई नव्हती.

"दाराच्या फटीत सुनेचं डोकं पाह्यलं," बाई म्हणाल्या. "दार लोटणारा माह्या पोटचा व्हता. ल्याहा."

अमरावतीच्या एसटीत आम्ही बसलो तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. खिडकीतून येणारा वारा भट्टीच्या तोंडातून यावा तसा. काचा बंद कराव्यात तर जीव गुदमरतो, उघड्या ठेवाव्यात तर डोळे भाजतात. माझा कान टाक्यांनी ठणकत होता आणि ओवी भुकेनं आडवी होऊन रडत होती. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली. बाईंनी चादर सोडून डबा उघडला. वड्या वितळून एक झाल्या होत्या, कोहळं, गाजर, बीट, सगळं. बाईंनी बोट घालून पाहिलं. नुकतंच वितळलं होतं, पण गाडीच्या तापलेल्या पत्र्यानं वरचा थर कोमट झाला होता. त्यांनी आधी स्वतः चाखलं, थोडा वेळ थांबल्या, आणि मग चमच्यानं ओवीला भरवू लागल्या. कंडक्टर गाडी सोडायला आला होता. त्यानं एकदा माझ्या मानेवरचं वाळलेलं रक्त पाहिलं, एकदा त्या चमच्याकडे पाहिलं, आणि तो पुन्हा खाली उतरून उभा राहिला. डबा रिकामा होईपर्यंत गाडी हलली नाही.

तेव्हापासून बाई माझ्याकडे आहेत. लोकांना हे चमत्कारिक वाटतं. फारकत झाली, नवरा सुटला आणि सासू कशी राहिली, असं विचारतात. आधी मी समजावून सांगत असे, आता सांगत नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही पहिला फ्रीज आणला तो एका दाराचा, जुना. फ्रीजरचं दार मी उघडत नसे. कितीतरी दिवस वड्या काढायचं काम बाईंनीच केलं. ओवी त्या वड्यांवरच मोठी झाली. दात आले तशी डाळ घट्ट होत गेली, मग भाताचं शीत राहू लागलं, मग एक दिवस तिनं माझ्या ताटातली भाकर ओढली आणि वड्यांचे दिवस संपले. एकदा ती तीनेक वर्षांची असताना तिनं रागानं वाटी माझ्या तोंडावर फेकली. माझा हात उठला. पार खांद्यापर्यंत. बाई समोरच भाजी निवडत होत्या. त्यांनी नुसतं वर पाहिलं आणि मी हात खाली आणला. हात खाली आणायला किती जोर लागतो हे त्या दिवशी कळलं.

यंदा मार्चच्या शेवटी बाईंना नात्यातल्या कुणाचा तरी फोन आला. प्रमोदचं लग्न पुन्हा जमलं होतं. मुलगी पातूरची, शिवणकाम करणारी. तिसऱ्या दिवशी बाई मला म्हणाल्या, मी पातूरला जातो. मी विचारलं, एकट्या? त्या म्हणाल्या, कान तुहा हाय, तू येशीन तं बरं होईन.

रविवारी ओवीला श्वेताकडे ठेवलं. त्याच सकाळी श्वेता तिची पहिली खिमटी ट्रेमध्ये भरत होती आणि ओवी तिला मोठ्या माणसासारखी सूचना देत होती. आम्ही अकोल्याला उतरलो, घराच्या रस्त्याकडे न बघता पातूरची गाडी धरली. मुलीच्या वडिलांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. आम्ही कोण हे कळल्यावर त्यांचा चेहरा बदलला. सोडलेली बायको असंच बोलते, ते मला म्हणाले. आणि बाईंना म्हणाले की स्वतःच्या मुलाची बदनामी करायला इतक्या उन्हात आलेली आई आपण पहिल्यांदा पाहतो आहोत.

बाई चिडल्या नाहीत.

"मी माह्या पोराचं हाड मोडलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "आईनं पोराचं हाड काहून मोडलं, येवढं इचारा त्याले. मंग करा लग्न."

मुलगी आतल्या दाराशी उभी होती, आम्ही तिला पाहिलंच नव्हतं. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल, बोटाला शिवणकामाचं टोपण तसंच होतं. ती सरळ माझ्यासमोर आली. मी केस बाजूला केले. तिनं जवळून पाहिलं, कापडाची शिवण पाहावी तसं. मग तिनं एकच गोष्ट विचारली. तेव्हा ते प्यायलेले होते का?

मी म्हणाले, नाही. तो पीत नाही. दुपारचा एक वाजला होता.

तिनं मान हलवली आणि आत गेली. आमचं पाणी तसंच राहिलं. आम्ही उठलो. त्या प्रश्नात तिनं शेवटची आशा ठेवली होती, दारूची, आणि मी ती तिच्या हातून काढून घेतली होती. परतीच्या गाडीत मला त्याचंच वाईट वाटत होतं. बाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. बाहेर काळी जमीन तडकून उघडी पडली होती.

लग्न मोडलं. आम्हाला कुणी कळवलं नाही, प्रमोदच्या फोननं कळलं. पुढच्या आठवड्यात दुपारची वेळ होती, ओवी कूलरसमोर चित्रं रंगवत बसली होती. बाईंच्या फोनवर त्याचं नाव आलं. त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच. बाईंनी फोन कानाला लावला, पण त्याचा आवाज इतका चढलेला होता की मलाही ऐकू येत होतं. तू माझं आयुष्य खाल्लं, म्हणाला. तू आई नाही, हडळ आहेस. आजपासून तू मला मेली, मीही तुला मेलो. आणखीही बरंच, ते मला लिहिता येणार नाही. मी ओवीला उचलून आतल्या खोलीत नेलं. परत आले तरी तो बोलतच होता. बाईंनी मध्ये एक शब्दही घातला नाही आणि फोनही ठेवला नाही. सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्यानंच फोन कापला.

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला. मला वाटलं त्या रडतील, किंवा एक शिवी तरी देतील. त्यांनी फोन मांडीवर उपडा ठेवला आणि वाकड्या हातानं त्याच्यावरून पदर ओढला.

"जेवला नसन तो सकायपासून," बाई म्हणाल्या. "आवाजावून समजते."